इथेनॉलवर पळणाऱ्या गाडीसाठी फ्युएल पंप कसा निवडावा

१५ मार्च २०२४ रोजी नवी दिल्लीत इर्विन रोडवरच्या पेट्रोल पंपावर इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ची विक्री सुरू केली. केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांच्या हस्ते हा कार्यक्रम झाला. महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या मिळून १८३ पंपांची पहिली यादी त्या दिवशी जाहीर झाली. नाव ‘१००’ असले तरी या इंधनात साधारण ९३ ते ९३.५ टक्के इथेनॉल असते. उरलेल्यात ५ टक्के पेट्रोल आणि दोन्ही नीट मिसळून राहावेत म्हणून थोडे सह-द्रावक. साध्या पेट्रोलमध्येही आता २० टक्के इथेनॉल आहे. त्यामुळे दिल्ली, नोएडा, गाझियाबाद भागात टर्बो गाडी हौसेने ट्यून करणाऱ्यापुढे एका बाजूला ई-२० आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शुद्ध इथेनॉल, अशी दोन टोके उभी आहेत.

इथेनॉलचा मोह समजण्यासारखा आहे. त्याचा ऑक्टेन आकडा १०८च्या आसपास असतो, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. आत जाणारी हवा थंड होते, नॉकिंग लांबते, आणि ट्यूनरला बूस्ट व इग्निशन टायमिंग वाढवायला जागा मिळते. पण त्या जागेची किंमत इंधनाच्या प्रमाणात मोजावी लागते, आणि ते इंधन टाकीतून इंजिनापर्यंत पोचवणारा भाग एकच: फ्युएल पंप. तो निवडताना बहुतेक जण खोक्यावरचा ‘लिटर प्रति तास’ हा आकडा बघतात आणि मोठ्यात मोठा घेतात. या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आपल्या इंजिनाला किती इंधन लागते, ते कोणत्या दाबावर लागते आणि पंपाच्या तारेत खरोखर किती व्होल्ट पोचतात, हे आधी काढा, पंप त्यानंतर निवडा.

इथेनॉल जास्त का लागते

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ किलो हवा पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. इंजिनात येणारी हवा तेवढीच राहिली, तर त्या हवेत जाळायला इथेनॉल वजनाने साधारण १.६ पट लागेल. इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडे जड असल्यामुळे लिटरमध्ये हे प्रमाण दीडपटीच्या आसपास येते. ई-२० साठी ही वाढ जेमतेम ७-८ टक्के आहे. म्हणूनच ई-२० भरून गाडीचा मूळ पंप सहसा कमी पडत नाही, पण ‘इथेनॉल १००’ भरले की कंपनीने ठेवलेली सगळी राखीव क्षमता संपते.

कागदावरचा हिशोब

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर एक बीएचपी तासभर टिकवायला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खाते. त्यावरून दोन सोपे आकडे निघतात: ई-२० वर एका बीएचपीमागे ताशी ०.४ लिटर, आणि ‘इथेनॉल १००’वर ०.५५ लिटर. हे अंदाजाचे आकडे आहेत. इंजिनानुसार थोडे इकडेतिकडे होतील, पण पंप निवडायला पुरेसे आहेत.

आता एक खरी गाडी घेऊ. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली आलेली फियाटची अबार्थ पुंतो. १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, आणि इंजेक्शन साधे, इनटेक पोर्टमध्ये. समजा तिला २०० बीएचपीपर्यंत न्यायचे आहे. ई-२० वर २०० गुणिले ०.४, म्हणजे ताशी ८० लिटर. ‘इथेनॉल १००’वर २०० गुणिले ०.५५, म्हणजे ११० लिटर. त्यावर २५ टक्के राखीव धरले की सुमारे १३८ लिटर. या गाडीला ताशी ४५० लिटरचा पंप लागतच नाही. योग्य साहित्याचा, २५० ते ३४० लिटरच्या वर्गातला पंप भरपूर झाला.

हाच हिशोब ४०० बीएचपीच्या गाडीसाठी करा: २२० लिटर, अधिक राखीव, मिळून २७५. इथे मात्र ३४० लिटरचा पंपही काठावर येऊ शकतो. त्याचे कारण पुढे आहे.

दाब वाढला की आकडा उतरतो

खोक्यावरचा आकडा एका ठरावीक दाबावर आणि ठरावीक व्होल्टेजवर मोजलेला असतो. वॉल्ब्रोच्या ४५० लिटरवाल्या पंपाचा आकडा, उदाहरणार्थ, ४० पीएसआय म्हणजे पावणेतीन बार दाबावरचा आणि १३.५ व्होल्टवरचा आहे. टर्बो गाडीत चित्र वेगळे असते. इंजेक्टरच्या टोकाबाहेर बूस्टचा दाब असतो. तो ओलांडून तेवढेच इंधन आत जावे म्हणून रेग्युलेटर रेलचा दाब बूस्टइतकाच वाढवतो. मूळ दाब ३ बार आणि बूस्ट १.५ बार असेल, तर पंपाला साडेचार बारवर इंधन ढकलावे लागते. दाब वाढेल तसा प्रवाह घटतो. आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनाला सर्वांत जास्त इंधन हवे असते.

म्हणून पंप घेताना त्याचा दाब-प्रवाह आलेख बघावाच. चांगल्या कंपन्या तो जाहीर करतात. आडव्या अक्षावर आपला जास्तीत जास्त दाब शोधा, वर जाऊन रेषेवर थांबा आणि तिथला आकडा आपल्या हिशोबाशी जुळवा. ज्या पंपाचा आलेखच मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

पंपाच्या पोटात सुरक्षेसाठी एक रिलीफ व्हॉल्व्हही असतो. ठरावीक दाबापलीकडे तो उघडतो आणि इंधन पुन्हा टाकीतच सोडतो. वॉल्ब्रोच्या ४५० वर्गात ‘२६७’ आणि ‘२७४’ अशी दोन भावंडे आहेत. ‘२७४’चा व्हॉल्व्ह जास्त दाबावर उघडतो, म्हणून जास्त बूस्टच्या गाडीला तो घेतात. या पंपाचे खालचे अंग ५० मिलिमीटर व्यासाचे आहे, तर २५५ लिटरचा नेहमीचा पंप ३९ मिलिमीटरचा. मूळ मोड्यूलमध्ये तो बसतो का, हे मोजपट्टी घेऊन खरेदीच्या आधी बघावे.

तारेतून येणारे व्होल्ट

फ्युएल पंप म्हणजे इंधनात बुडालेली एक डीसी मोटर. तिचा वेग व्होल्टेजवर ठरतो, आणि व्होल्टेज घटले की प्रवाह लगेच घटतो. मूळ पंप साधारण ४-६ अँपिअर घेतो. मोठा पंप जास्त दाबावर १५ अँपिअर किंवा त्याहून अधिक घेतो. समजा कारखान्यातून आलेली तार १ चौरस मिलिमीटरची आणि ५ मीटर लांब आहे. तांब्याच्या तेवढ्या तारेचा रोध जवळपास ०.०९ ओहम. १५ अँपिअरला तिच्यातच १.३ व्होल्ट जातात. बॅटरीशी १३.८ व्होल्ट असले तरी पंपाशी १२.५ च पोचतात, आणि त्यात अर्थिंगची गळती अजून धरलेली नाही. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची केली की तोटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ०.३३ व्होल्टवर येतो.

हे स्वतः तपासता येते. पंप पूर्ण भाराखाली चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक पंपाच्या कनेक्टरच्या धन पिनला आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावा. येईल तो आकडा म्हणजे वाटेत गेलेले व्होल्ट. ऋण बाजूलाही असेच मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जात असेल, तर नवा पंप घेण्याआधी वायरिंग करा: बॅटरीपासून फ्यूजमधून थेट जाड तार, तिच्यात रिले, आणि मूळ तार रिलेला फक्त इशारा द्यायला. हजार-दीड हजार रुपयांच्या या कामानेच पुष्कळदा मूळ पंप पुरेसा ठरतो.

इथेनॉल कशाकशाला खाते

प्रवाह जमला तरी अर्धेच काम झाले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहते. वीज वाहणाऱ्या द्रवात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजू लागतो. उघडे ॲल्युमिनियम, जस्त, मॅग्नेशियम आणि शिसे-कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा यांना इथेनॉल विशेष त्रास देते. नायट्राइल रबर फुगते आणि मऊ पडते.

पंपात सर्वांत नाजूक जागा कॉम्युटेटरची. जुन्या पेट्रोल पंपांत तो तांब्याचा असायचा आणि त्यावर कार्बनचे ब्रश घासायचे. इथेनॉलमध्ये असे तांबे लवकर झिजते. इथेनॉलसाठी बनवलेल्या पंपात कॉम्युटेटरही कार्बनचा असतो, सील फ्लुओरोइलास्टोमरचे (बाजारात त्याला व्हिटॉन म्हणतात) आणि जोडणीचे भाग संरक्षित असतात. बाहेरून दोन पंप अगदी सारखे दिसू शकतात. एईएमच्या ‘५०-१०००’ आणि ‘५०-१२००’ या पंपांमध्ये पहिला पेट्रोलसाठी आहे, दुसरा ई-८५ साठी. दुकानदाराने ‘एकच आहे, साहेब’ म्हटले तरी पार्ट नंबर वाचूनच घ्यावा.

पंपाबरोबर त्याच्या वाटेतल्या सगळ्या गोष्टी बदलाव्या लागतात. टाकीतली होज टाकीत बुडणारी आणि इथेनॉलला टिकणारीच हवी. साधी रबरी होज आतून सुजते, बाहेरून फुटते, आणि पंप टाकीतच इंधन ओततो. बाहेर कुठेही गळती दिसत नाही, पण रेलचा दाब मात्र पडतो. फिल्टरही इथेनॉलला चालणारा हवा, कागदी नको. आणि इथेनॉल चांगले द्रावक असल्यामुळे जुन्या टाकीत साठलेला राळेचा थर सोडवते. तो पंपाच्या जाळीवर येऊन बसतो. बारा-पंधरा वर्षांची टाकी असेल, तर ती आधी काढून स्वच्छ करावी आणि पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर पुन्हा बदलावा.

काश्मिरी गेट आणि करोल बागेतल्या बाजारात नामांकित पंपांची नक्कल शोधायला फार फिरावे लागत नाही. वॉल्ब्रो आणि बॉश यांच्या पंपांच्या नकला जगभर विकल्या जातात. खोक्यावरच्या होलोग्रामपेक्षा विक्रेत्याचे बिल, पंपाच्या अंगावर कोरलेला लॉट क्रमांक आणि बसवल्यावर मोजलेला प्रवाह यांवर विश्वास ठेवा.

थेट इंजेक्शनच्या गाडीत दोन पंप

एनसीआरच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बऱ्याच वेगवान गाड्या, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय किंवा बीएमडब्ल्यूच्या टर्बो पेट्रोल गाड्या, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारतात. त्यांत टाकीतला कमी दाबाचा विजेचा पंप काही बारवर इंधन पुढे देतो, आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा जास्त दाबाचा पंप ते शेकडो बारवर नेतो. इथेनॉल वाढवले की बहुधा हा दुसरा पंप आधी कमी पडतो. तेव्हा टाकीतला पंप कितीही मोठा बसवला तरी उपयोग होत नाही.

ओळखायचे कसे? ओबीडी स्कॅनरवर पूर्ण थ्रॉटलचा लॉग घ्या. दोन्ही ठिकाणचे मागितलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले दाब शेजारी शेजारी ठेवा. कमी दाबाची बाजू स्थिर असून वरचा दाब पडत असेल, तर दोष वरच्या पंपाकडे आहे. खालचा दाब आधी पडत असेल, तरच टाकीतल्या पंपाकडे वळा. नव्या गाड्यांत टाकीतला पंप ब्रशविना, तीन फेजचा आणि कंट्रोलरवर चालणारा असू शकतो. त्या जागी ब्रशवाला पंप सरळ लावता येत नाही.

दिल्लीचा उन्हाळा आणि हिवाळा

मे महिन्यात धौला कुआंच्या कोंडीत उभी असलेली गाडी इंधन फारसे जाळत नाही, पण पंप पूर्ण वेगाने फिरतच असतो. मोठा पंप २०० वॉट वीज घेत असेल, तर ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन टाकीत परतते. टाकीत २० लिटर इंधन असेल आणि उष्णता बाहेर जाऊ शकली नाही, तर तासाभरात तापमान सुमारे २० अंशांनी चढेल एवढी ती ऊर्जा आहे. बाहेर ४५ अंश असताना त्याचा अर्थ सरळ आहे: पंपाच्या तोंडाशी इंधनाची वाफ होऊ लागते, पंप द्रवाऐवजी बुडबुडे ओढतो आणि दाब डळमळतो. गरजेपेक्षा मोठा पंप अपायकारक ठरतो तो इथे. पंप मोठाच लागत असेल, तर पल्सने वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर लावा आणि उन्हाळ्यात टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका.

जानेवारीत उलटी अडचण येते. शुद्ध इथेनॉलची ज्वलनशील वाफ तयार व्हायला द्रवाचे तापमान १३ अंशांच्या वर लागते. दिल्लीची पहाट त्याच्या खूप खाली असते. ब्राझीलमध्ये इथेनॉलच्या गाड्यांना सुरू होण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी वेगळी द्यायचे. आपल्याकडे सोपा मार्ग मिश्रणाचा. २० लिटर ई-२० आणि २० लिटर ‘इथेनॉल १००’ एकत्र केले की ४० लिटरमध्ये सुमारे २२.६ लिटर इथेनॉल, म्हणजे ५६ टक्क्यांच्या आसपास. सकाळी गाडी सुरू व्हायला सोपी जाते, ऑक्टेनचा बराच फायदा मिळतो, आणि पंपावरची मागणी बीएचपीमागे ०.४७ लिटरवर उतरते.

टाकीत नेमके किती इथेनॉल आहे, हे काचेच्या मोजपात्रातही कळते. १०० मिलिलिटरच्या पात्रात १० मिलिलिटर पाणी घाला, वर ९० मिलिलिटर इंधन, आणि झाकण लावून हलवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. पात्र स्थिर ठेवल्यावर खालचा थर २८ मिलिलिटरवर आला, तर १८ मिलिलिटर इथेनॉल खाली आले आहे. ९० मध्ये १८ म्हणजे २० टक्के. गाडीत कायमची सोय हवी असेल, तर फ्लेक्स-फ्युएल सेन्सर लावतात. तो शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि १०० टक्क्यांना १५० हर्ट्झचा संकेत देतो, आणि ईसीयू त्यानुसार इंधन व टायमिंग बदलते.

बसवणे आणि मोजणे

पंप बसवताना बॅटरीचे ऋण टोक आधी काढा, रेलचा दाब सोडा, काम उघड्यावर करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. नवा पंप कोरडा फिरवू नका. इंधनच त्याला थंड ठेवते आणि वंगणही देते.

रिटर्न लाइन असलेल्या गाडीत खरी परीक्षा अशी. इंजिन बंद ठेवा आणि बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज १३.५ च्या जवळ धरा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीवर हातपंपाने आपल्या बूस्टइतका, समजा १.५ बार, दाब द्या. रेलवरचा गेज साडेचार बार दाखवेल. रिटर्न लाइन अर्थ केलेल्या धातूच्या मापाच्या कॅनमध्ये सोडा आणि रिलेवरून पंप बरोबर ३० सेकंद चालवा. कॅनमध्ये दीड लिटर आले, तर ताशी १८० लिटर. या एका आकड्यात दाब, व्होल्टेज, जाळी आणि होज या सगळ्यांचे परिणाम एकत्र आलेले असतात. तो हिशोबातल्या १३८ पेक्षा मोठा असेल, तर अबार्थचे काम झाले.

ट्रॅकवर आणखी एक कसोटी असते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, मागची सरळ वाट एक किलोमीटरहून लांब आहे. ताशी सरासरी २०० किलोमीटरने ती पार करायला अठरा-वीस सेकंद लागतात, आणि ताशी ११० लिटरच्या दराने तेवढ्यात अर्ध्या लिटरहून अधिक इथेनॉल जाते. लांब वळणात टाकीतले इंधन एका बाजूला सरकून पंपाचे तोंड उघडे पडले, तर पुढच्या सरळ वाटेवर मिश्रण लीन होते आणि पिस्टन वितळू शकतो. म्हणून ट्रॅकच्या गाडीला टाकीत बॅफल किंवा वेगळी सर्ज टँक द्यावी, आणि दाब ठरावीक पातळीखाली गेला की इंजिन बंद करणारी मर्यादा ईसीयूत घालावी.

रस्त्यावरच्या गाडीबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम काटेकोरपणे लागू असल्याचे सांगितले. वॉरंटी आणि विमा यांवरही परिणाम होतो. ‘इथेनॉल १००’ हे फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठीचे इंधन आहे. ट्यूनिंग न केलेल्या गाडीत ते भरल्यास ती सुरुवातीपासून लीन धावेल. नोंदणीकृत गाडी मूळ रूपात ठेवून हा खटाटोप ट्रॅकच्या गाडीवर करणे सर्वांत शहाणपणाचे.

पैसे खर्चण्याचा क्रम असा ठेवा: आधी दाब आणि व्होल्टेज मोजा, मग वायरिंग, मग होज, जाळी आणि फिल्टर, आणि शेवटी पंप. बसवल्याच्या दिवशी मोजलेला प्रवाह वहीत तारखेसह लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी तीच चाचणी त्याच दाबावर करा. आकडा दहा टक्क्यांनी उतरला, की फिल्टर आणि होज तपासा. ते चांगले असतील, तर इंजिनाने तक्रार करायची वाट न बघता पंप बदला.